हाताने शिकायचं गणित: ऑटिस्टिक मुलांसाठी मोजणी, पैसे, वेळ आणि स्वयंपाकघर

शंभरपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणणारं मूल 'मला चार चमचे दे' म्हटल्यावर हाताला येतील तेवढे चमचे आणून देतं. दुसरं एखादं मूल तीन आकडी गुणाकार तोंडी करतं, पण दुकानात नोट पुढे करून बिस्किटचा पुडा घेणं त्याला जमत नाही. घरच्यांना वाटतं, याचं लक्ष नाही. पण आकडे ओळीने म्हणणं, समोरच्या वस्तू मोजणं, मागितल्या तेवढ्याच काढून देणं आणि तेच काम बाजारात करणं ही चार वेगवेगळी कौशल्यं आहेत. बरीच मुलं यातलं एक आलं की दुसरं आपोआप उचलतात. अनेक ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांना मात्र प्रत्येक वेगळं शिकवावं लागतं. टेबलावर निळ्या बटणांनी शिकलेली मोजणी त्या टेबलाला, त्या बटणांना आणि शिकवणाऱ्या ताईंना चिकटून राहते.

म्हणून पुढच्या सगळ्या कृतींची रीत एकच आहे: सुरुवातीला सगळं तेच ठेवायचं आणि जमलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोणती वस्तू, कोणती जागा, कोणती व्यक्ती कधी बदलायची हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावं. हा कागद नसला की मूल 'शिकलं' असं सगळे म्हणतात आणि शाळा बदलल्यावर ते सगळं 'विसरलं' असंही सगळे म्हणतात.

बसायची जागा आणि कामाची मांडणी

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली ऑटिस्टिक मुलांसाठी सुरू केलेल्या 'टीच' (TEACCH) कार्यक्रमातून एक साधी गोष्ट जगभर पसरली. कामाला बसलेल्या मुलाला चार प्रश्नांची उत्तरं डोळ्यांनी दिसली पाहिजेत. काम कोणतं? किती? संपलं हे कसं कळणार? त्यानंतर काय?

घरी हे उभं करायला खर्च लागत नाही. भिंतीकडे तोंड केलेलं टेबल घ्या. डाव्या हाताला तीन ट्रे किंवा बुटांचे खोके ठेवा, प्रत्येकात एक काम. उजवीकडे एक मोठी टोपली, ती 'संपलं'ची. टेबलावर १, २, ३ अशी चिठ्ठ्यांची पट्टी आणि शेवटी पुढे काय आहे त्याचं चित्र: झोका, गाणं, खाऊ, काहीही. मूल १ ची चिठ्ठी काढतं, १ नंबरच्या ट्रेवर लावतं, काम करतं, ट्रे टोपलीत टाकतं. तिन्ही चिठ्ठ्या संपल्या की काम संपलं. इथे एक चूक वारंवार होते: मूल छान रमलं आहे असं पाहून मोठी माणसं चौथा ट्रे पुढे सरकवतात. तीन म्हणजे तीन हा विश्वास एकदा मोडला की दुसऱ्या दिवशी मूल पहिल्या ट्रेलाही हात लावत नाही.

वस्तू निवडताना त्यांचा स्पर्श आणि आवाज दोन्ही तपासा. राजमा स्टीलच्या वाटीत पडल्याचा खणखणाट काहींना आवडतो, काहींना सहन होत नाही. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलासाठी बी-बियाणं आणि छोटी बटणं पूर्ण बंद. बरणीची मोठी झाकणं किंवा प्लॅस्टिकच्या वाट्या चालतील. सोळा वर्षांच्या मुलासमोर मात्र रंगीत अस्वलं मोजायला ठेवू नका. नट-बोल्ट, पेनं, चहाचे कप ठेवा. बेरीज पहिलीतली असली तरी माणूस पहिलीतला नाही.

मोजणी: 'चार दे' म्हटल्यावर चारच

साहित्य: अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, एकसारखी दहा झाकणं, १ ते १० अंकांची कार्डं.

पहिल्या टप्प्यात ट्रे कापून चारच खळगे ठेवा, बाजूला चारच झाकणं आणि ४ चं कार्ड. एका खळग्यात एक झाकण. इथे चूक व्हायला जागाच नाही, आणि तसंच हवं. हात आणि आकडा एकत्र चालायला शिकतात. तुम्ही आकडा म्हणायचा तो झाकण खळग्यात टेकतं त्या क्षणी, आधी नाही की नंतर नाही.

दुसऱ्या टप्प्यात खळगे चारच, पण झाकणं सात. आता थांबणं शिकायचं आहे. उरलेली तीन झाकणं हातात घेऊन मूल अस्वस्थ होतं, कारण त्याच्या दृष्टीने काम अर्धवट राहिलं. उरलेल्यांसाठी झाकणाचा डबा ठेवा, म्हणजे त्यांनाही जागा मिळते.

तिसरा टप्पा सगळ्यांत अवघड. खळगे दहा, कार्ड ४ चं. बहुतेक मुलं दहाही खळगे भरतात, कारण ट्रे त्यांना 'भर' म्हणतो. चौथ्या खळग्यानंतर लाल दोरा बांधा, रोज तो थोडा बारीक करा आणि मग काढा. चौथ्या टप्प्यात ट्रे जातो, फक्त एक वर्तुळ आखलेला कागद राहतो. पाचव्यात कागदही जातो: 'चार दे', आणि झाकणं तुमच्या हातावर.

हे पाच टप्पे ४ साठी झाले की लगेच ५ वर जाऊ नका. आधी वस्तू बदला, मग जागा, मग माणूस. जेवणाची ताटं मांडणं ही याची सगळ्यांत चांगली परीक्षा. घरात माणसं चार. प्रत्येकाचा फोटो जिथे ती व्यक्ती बसते तिथे ठेवा, प्रत्येक फोटोसमोर एक ताट, एक वाटी, एक भांडं. काही दिवसांनी फोटो काढून फक्त '४' चं कार्ड द्या. आजी गावाला गेली की '३'. वजाबाकीचा पहिला खरा धडा तिथे होतो.

न बोलणाऱ्या मुलालाही हे सगळं जमू शकतं. उत्तर कार्डाकडे बोट दाखवून, कार्ड उचलून किंवा टॅबवर दाबून द्यावं. तोंडाने आकडा म्हणता येत नाही म्हणून संख्या कळत नाही असं धरून वर्षानुवर्षं १ ते ५ मध्येच अडकवलेली मुलं आहेत, आणि हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे.

सत्तेचाळीस लिहिताना ७४ का होतं

मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतं, चाळीस नंतर. ऐकलं तसं लिहिणारं मूल ७४ लिहितं. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. नेमकेपणाने ऐकणाऱ्या मुलाला हे फसवल्यासारखं वाटतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तेचाळीस'च्या जोडीने 'चाळीस सात' अशी वाचनाची रीत आली तेव्हा बराच वाद झाला. पण या मुलांसाठी ती सोयीची आहे.

आइस्क्रीमच्या काड्या शंभरेक घ्या. दहा-दहाचे जुडगे करा. बारीक रबरबँड बोटांना जड जात असेल तर केसांना लावायचे कापडी बँड वापरा, किंवा जुडग्याऐवजी दहा काड्यांचा एक पेला. कागदावर दोन रकाने: डावीकडे 'दहा', उजवीकडे 'सुट्टे'. ४७ म्हणजे डावीकडे चार जुडगे, उजवीकडे सात काड्या. बोट डावीकडून उजवीकडे फिरवत 'चाळीस, सात' म्हणा. आकडा मांडता, लिहिता, ओळखता यायला लागला की मग 'यालाच सत्तेचाळीस म्हणतात' अशी जोडी लावा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. शाळेत इंग्रजी आकडे आणि घरी मराठी असा प्रकार असेल तर सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी घर आणि शाळेने मिळून एकच भाषा ठरवावी.

३२ मधून ७ काढायचे तेव्हा दोन सुट्ट्या काड्या पुरत नाहीत, एक जुडगा सोडावा लागतो. तो मुलाच्याच हाताने सोडवा. 'हातचा घेणं' हे शब्द त्याने आधी ऐकलेले असतील, पण अर्थ इथे कळतो. काड्यांवर पक्कं झालं की काड्यांची चित्रं, आणि त्यानंतरच नुसते अंक. चित्रांचा मधला टप्पा गाळायचा मोह फार होतो. तो गाळला की काड्यांवर बरोबर येणारी उदाहरणं वहीत चुकतात आणि कारण कुणालाच कळत नाही.

पैसे

खेळण्यातल्या नोटा वापरू नका. त्यांचा आकार, कागद, वजन सगळं वेगळं, म्हणजे खऱ्या नोटांसाठी पुन्हा पहिल्यापासून शिकणं आलं.

पहिलं काम नोटा ओळखण्याचं, आणि ते रंगावर सोडणं धोक्याचं आहे. वीसची नवी नोट हिरवट पिवळी, दोनशेची पिवळी. जुनी पन्नासची जांभळी, नवी शंभरची फिकट जांभळी. रंगावरून वर्गीकरण करणारं मूल टेबलावर सगळं बरोबर करेल आणि दुकानात वीसच्या जागी दोनशे देईल. म्हणून एकाच किमतीच्या जुन्या आणि नव्या नोटा एकत्र देऊन 'अंक बघ' हेच शिकवा: चार वाट्यांवर १०, २०, ५०, १०० असे अंक लिहा आणि नोटा त्यांत टाकायला द्या. नाण्यांमध्ये घोळ आणखी जास्त. दोन रुपयांचं आधीच्या मालिकेतलं एक नाणं पाचाच्या पिवळ्या नाण्याहून मोठं आहे. 'मोठं ते जास्त' हा नियम मुलाने स्वतःच्या मनाने बनवलेला असतो आणि तो इथे मोडतो. दहाचं नाणं गोल, दोन धातूंचं. वीसचं बारा कडांचं. ही कड बोटाने चाचपून बघू द्या.

दुसरं काम पैसे देण्याचं. पाच, दोन, एक अशी नाणी जुळवून नेमके ३७ रुपये काढणं ही फार पुढची पायरी आहे, आणि कित्येकांना रोजच्या व्यवहारासाठी तिची गरजही पडत नाही. त्याऐवजी 'एक जास्तीची' ही रीत शिकवा. पाकिटात फक्त दहा रुपयांच्या दहा नोटा. किंमत ३७: डावीकडचा अंक बघ, ३. तीन नोटा मोज, वर एक जास्तीची. झाल्या चार. उरलेले सुटे पैसे घे, पाकिटात टाक, पुढे चाल. किती परत आले हे मोजणं नंतर कधीतरी.

सराव असा घ्या. वीस कार्डं करा, प्रत्येकावर १ ते ९९ मधली एक किंमत. पहिल्या आठवड्यात फक्त ११ ते ५९ मधल्या, शेवटी शून्य नसलेल्या किमती. ही रीत पक्की झाली की शून्यवाल्या किमती वेगळ्या गटात शिकवा: ४० असेल तर चारच, जास्तीची नाही. दोन्ही गट पहिल्या दिवशी मिसळले की मूल गोंधळून प्रत्येक वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. मग १ ते ९: डावीकडे अंकच नाही, म्हणून एकच नोट.

दुकानदार 'सदतीस' म्हणतो तेव्हा पुन्हा सात आधी येतं. त्यामुळे मुलाला सुरुवातीपासून लिहिलेली किंमत बघण्याची सवय लावा: पुड्यावरची छापील किंमत, बिल, नाहीतर 'लिहून दाखवा' असं कार्ड. हे कार्ड पाकिटातच असू द्या.

तिसरा प्रश्न 'पुरतील का?' हा, आणि व्यवहारात सगळ्यांत कामाचा हाच. पाकिटात ५ नोटा, वस्तू ६४ ची. सात नोटांचे चौकोन छापलेली पट्टी घ्या आणि आपल्या नोटा एकेक करून तिच्यावर ठेवा. दोन चौकोन रिकामे राहिले, म्हणजे पुरत नाहीत. तेव्हा वस्तू परत ठेवायची. परत ठेवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि त्याचा सराव आधी घरी, नावडत्या वस्तूवर करा.

मोबाइलने पैसे देणं मुलं पटकन उचलतात, पण त्यात पैसे कमी झालेले दिसत नाहीत. ज्याला अजून 'पुरतील का' कळत नाही त्याच्या हाती स्कॅन करणं देऊ नये. मोठ्या मुलांसाठी यूपीआय सर्कलमध्ये (आपल्या खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला पैसे देऊ देण्याची मोबाइलवरची सोय) मुख्य खातेदाराला मर्यादा घालता येते किंवा प्रत्येक व्यवहाराला स्वतः मंजुरी देता येते. सुरुवात करायचीच तर मंजुरीच्या प्रकाराने करा, आणि प्रत्येक व्यवहारानंतर वहीत नोटांची चित्रं खोडायला सांगा.

स्वयंपाकघर

लिंबू सरबत घ्या, कारण त्यात गॅस नाही. एका पेल्याला २०० मिली पाणी, अर्धं लिंबू, तीन छोटे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ. 'चवीपुरतं' आणि 'चिमूटभर' हे शब्द इथे चालत नाहीत. पाव चमच्याचा मापचमचा विकत मिळतो, तो आणा.

पायऱ्या फोटोंच्या पट्टीवर: पेला घे. रेघेपर्यंत पाणी भर (पेल्याला बाहेरून रंगीत टेप लावा). साखर तीन चमचे. मीठ पाव चमच्याच्या मापाने एकदा. लिंबू पिळणीत ठेव, दाब. रस ओत. दहा वेळा ढवळ. पी. पेला धू.

चुका कुठे होतात? चमचा. एक मूल शिगोशीग भरतं, दुसरं अर्धा. बरणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा आणि प्रत्येक चमचा तिच्यावर घासून सपाट करायला शिकवा. दुसरी चूक मोजताना तंद्री लागण्याची: साखर पडताना बघणं सुखाचं असतं आणि आकडा हरवतो. बरणीशेजारी तीन चिमटे लावा. एक चमचा टाकला की एक चिमटा वाटीत. चिमटे संपले, साखर संपली.

शिकवताना शेवटापासून सुरू करा. पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा, ढवळणं आणि पिणं मुलाचं. मग रस ओतण्यापासून मुलाचं, मग पिळण्यापासून. अशा उलट्या साखळीत काम दर वेळी मुलाच्याच हातून पूर्ण होतं आणि फळही लगेच मिळतं. एक पेला हातचा झाला की दोन पेल्यांचं कार्ड द्या: पाणी दोनदा रेघेपर्यंत, चिमटे सहा. दुप्पट म्हणजे काय हे त्याच्या हाताला कळतं.

कुकरच्या शिट्ट्या मोजणं हेही चांगलं काम आहे, पण आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी नाही. त्याला दूरच्या खोलीत, कानावर हेडफोन लावून, शिट्टीगणिक एक चिमटा काढण्याचं काम देऊन बघा. नको म्हणालं तर सोडून द्या. कुकर उघडणं-बंद करणं मोठ्यांचंच. आणि एक सावधगिरी: वार मोजायला म्हणून औषधांच्या सात खणांच्या डब्यात गोड गोळ्या भरून सराव घेऊ नका. त्या डब्यातलं खाऊ असतं हा धडा जीवावर बेतू शकतो.

वेळ

'जरा थांब', 'आत्ता येते', 'पाचच मिनिटं' ही वाक्यं ऑटिस्टिक मुलांना फार छळतात, कारण पाच मिनिटांचं कधी दोन होतं, कधी वीस. वेळ दिसू द्या. वाळूचं घड्याळ किंवा रंगीत भाग कमी होत जाणारा टायमर लावा आणि तुम्हीही तो पाळा. सुरुवात एका मिनिटाने, आवडत्या गोष्टीच्या आधी.

घड्याळ शिकवताना मराठीतले सव्वा, साडे, पावणे आडवे येतात. पावणेतीनमध्ये तीन ऐकू येतात आणि काटा असतो दोन आणि तीनच्या मध्ये. साडेतीन, साडेचार होतं, पण साडेएक आणि साडेदोन होत नाही, दीड आणि अडीच होतं. म्हणून आधी अंकी घड्याळ आणि '२:४५' असंच वाचन. दिनक्रमाच्या तक्त्यावरही तसंच लिहा. बोलीतले शब्द नंतर, एकेक, जोडी लावून. काट्यांचं घड्याळ हवंच असेल तर जुन्या घड्याळाचा मिनिटकाटा काढून टाका आणि काही आठवडे फक्त तासकाट्यावर काम करा.

मुलाला ज्याचं वेड आहे ते इथे वापरा. लोकलचं वेड असेल तर ठाण्याहून घाटकोपर कितवं स्टेशन हे धीम्या गाडीच्या नकाशावर बोटाने मोजता येतं: मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, सहावं. ७:५२ ची गाडी आणि आत्ता ७:४०, तर किती मिनिटं? हे उदाहरण ते मूल आनंदाने सोडवेल. त्याचं वेड बक्षीस म्हणून कुलपात ठेवण्यापेक्षा त्यातच गणित शोधणं केव्हाही चांगलं.

मदत किती, केव्हा, आणि ती काढायची कशी

सगळ्यांत जास्त कामं इथे बिघडतात. 'हं, आता पुढचं... अजून एक... बस!' असं आपण बोलत राहतो आणि मूल आपला आवाज ऐकून थांबायला शिकतं, मोजून नाही. बोलून केलेली मदत काढणं सगळ्यांत कठीण. त्यापेक्षा बोट दाखवणं, चित्र किंवा मागून हाताला हलका आधार बरा. तोही मुलाला स्पर्श चालत असेल तरच. हात ओढून घेतला की आधार थांबवा. सूचना एकदाच द्या, मग मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ही शांतता शिकवणाऱ्याला जड जाते, पण काही मुलांना ऐकलेलं मनात उतरायला तेवढा वेळ लागतो. हात फडफडवणं, डुलणं चालू असेल तर चालू द्या, आणि डोळ्यांत बघायला लावू नका. त्याला वाटीतल्या साखरेकडे बघायचं आहे.

रोज दहा संधी द्या आणि वहीत दोनच खुणा करा: स्वतः केलं तर टिक, मदत लागली तर 'म'. लागोपाठ तीन दिवस दहापैकी आठ टिका आल्या की एक गोष्ट बदला. बदलल्यावर टिका पाचांवर आल्या तर घाबरू नका, तिथेच थांबा. दोनवर आल्या तर बदल मोठा होता. तो दोन भागांत तोडा. सगळंच कोसळलं तर आधी झोप, पोट, दातदुखी, खोलीतला नवा पंखा बघा, मग गणित.

दुकानातली पहिली खरेदी दुपारी तीनच्या सुमारास ठेवा, तेव्हा गर्दी कमी असते. दुकानदाराशी आधी बोलून घ्या: मुलालाच विचारा, आम्हाला नको, आणि घाई करू नका. पहिल्या वेळी एकच वस्तू, घरी जिचं चित्र आणि किंमत पाहिलेली आहे ती. पाकिटात चार कार्डं: वस्तूचं चित्र, 'लिहून दाखवा', 'पिशवी नको', आणि 'संपलंय' असं उत्तर आलं तर दाखवायच्या दुसऱ्या वस्तूचं चित्र. हे चौथं कार्ड घरी खोटं दुकान मांडून आधी पाच-सहा वेळा वापरून घ्या, कारण खऱ्या दुकानात वस्तू नसणं हे कधी ना कधी होणारच.